न भरलेले दिवस

गर्भारपणाविषयी बोलताना आपली भाषा काळाचीच परिभाषा वापरते. स्त्रीला दिवस जातात, दिवस राहतात आणि अखेर दिवस भरतात. ‘नऊ महिने नऊ दिवस’ हा आजीबाईंचा हिशेब, महिना तीस दिवसांचा धरून मांडला, तर २७९ दिवसांचा होतो. आजचे वैद्यक शेवटच्या पाळीपासून २८० दिवस मोजते. हिशेब इतका काटेकोर असला तरी ‘भरणे’ या क्रियापदात जे गृहीत धरलेले आहे, त्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. घागर भरली असे आपण म्हणतो, तेव्हा ती कोणीतरी भरलेली असते. दिवसही कोणीतरी भरीत असते. आईचे शरीर ते काम अबोलपणे करीत असल्यामुळे, ते काम आहे हेच आपल्या ध्यानी येत नाही. ते अर्ध्यावर थांबले, कळा वेळेआधी सुरू झाल्या आणि मूल अपुऱ्या दिवसांचे जन्मास आले, तर उरलेले दिवस कोणी भरावयाचे? वरवर पाहता हा प्रश्न वैद्यांचा वाटतो. आमच्या मते तो त्याहून अधिक नीतीचा आहे, आणि त्या दृष्टीने त्याचा थोडा विचार येथे करण्याचा मानस आहे.

सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या मुलास वैद्यक अकाली जन्मलेले मानते. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख मुले जन्मास आली, म्हणजे दर दहांत साधारण एक. आणि त्यांपैकी सुमारे ३० लाख एकट्या भारतात. तेव्हा ही एखाद्या दुर्दैवी घराची विरळ कहाणी नव्हे. प्रत्येक आळीत, प्रत्येक कचेरीत कोणीतरी या वाटेने गेलेले असते. मात्र त्याविषयी फारसे बोलले जात नाही.

परमुलखात बदलीवर राहणाऱ्या कुटुंबांना हा प्रश्न विशेष टोचतो. आपली सारी व्यवस्था बाळ वेळेवर येईल या भरवशावर उभी आहे. सातव्या महिन्यात ओटी भरावी, डोहाळजेवण करावे, मग मुलीने माहेरी जावे. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे. म्हैसूरच्या कुवेंपुनगरातील एखादे मराठी बिऱ्हाड डोळ्यांपुढे आणावे. म्हैसुरात केंद्र सरकारच्या संस्था पुष्कळ आहेत. १९५० साली स्थापन झालेली अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे, १९६९ सालची भारतीय भाषा संस्था आहे. अशाच एखाद्या कचेरीत गृहस्थ नोकरीस असावा, बायकोचे सांगलीचे तिकीट पुढील महिन्याचे काढून ठेवलेले असावे, आणि तिसाव्या आठवड्यातच तिला मध्यरात्री कळा याव्यात. आई सांगलीस, सासू साताऱ्यास. हाकेच्या अंतरावर आहेत त्या कन्नड बोलणारी शेजारीण, कोपऱ्यावरचा रिक्षावाला आणि शहरातील चेलुवांबा रुग्णालयासारख्या ठिकाणच्या परिचारिका. मूल सव्वा-दीड किलोचे, काचेच्या पेटीत ठेवलेले. तिकीट कपाटात तसेच पडून. ज्यांच्यावर भिस्त ठेवली होती ती माणसे दूर राहिली, आणि ज्यांचे काही देणे लागत नव्हते ती माणसे दाराशी उभी ठाकली, अशी ही अवस्था असते.

अशा प्रसंगी घरात पहिला प्रश्न विचारला जातो तो हा, की असे का झाले? आणि त्या प्रश्नाच्या आड दुसरा दडलेला असतो: चूक कोणाची? ती जिने फार चढली असेल, ग्रहणात बाहेर पडली असेल, नोकरीवर जातच राहिली असेल, बदलीच्या सामानाची पेटी तिने उचलली असेल. शोध कोठूनही सुरू झाला तरी तो आईपाशी येऊन थांबतो. दुसऱ्यांनी तो थांबवला नाही, तर ती स्वतःच थांबवते. काचेपलीकडे बसून ती मागल्या सात महिन्यांतील प्रत्येक दिवसाची उलटतपासणी करीत राहते.

या दोषारोपाला जुना आधार आहे. महाभारताच्या आदिपर्वात विनतेची कथा येते. कद्रूची हजार अंडी आणि विनतेची दोन, अशी सारी परिचारिकांनी ऊबदार भांड्यांत पाचशे वर्षे जपून ठेवली. कद्रूची अंडी फुटली, विनतेची फुटेनात. तेव्हा सवतीपुढे लाजून तिने एक अंडे स्वतः फोडले. आतून अरुण निघाला. त्याचे वरचे अंग घडलेले होते, खालचे घडावयाचे राहिले होते. त्याने आईला दास्याचा शाप दिला, दुसऱ्या अंड्याची वाट धीराने पाहण्यास बजावले, आणि तो आकाशात जाऊन सूर्याचा सारथी झाला. अकाली जन्माचे सारे दुःख आईच्या उतावळेपणावर घालणारी ही कथा आहे. परंतु ती नीट वाचणाऱ्याच्या लक्षात दोन गोष्टी याव्यात. पहिली ही, की विनतेने अंडे हेतुपुरस्सर फोडले होते; कळा आलेल्या स्त्रीने काहीही फोडलेले नसते. दुसरी ही, की ज्याचे दिवस भरले नव्हते त्या अरुणाला कथाकाराने हीन लेखले नाही. रोज सूर्याच्या पुढे त्याला बसवले. आपण मात्र या कथेतला शाप तेवढा उचलला आणि सन्मान विसरलो.

वैद्यकाचे उत्तर याहून अधिक दयाळू आहे, कारण ते अधिक खरे आहे. जंतुसंसर्ग, जुळी मुले, वाढलेला रक्तदाब, गर्भाशयाच्या मुखाचा आखूडपणा, पूर्वी झालेले अकाली बाळंतपण अशी काही कारणे त्यास ठाऊक आहेत; पण आपोआप सुरू झालेल्या कित्येक अकाली प्रसूतींत नेमके कारण सापडतच नाही. कारण शोधणे योग्यच आहे, कारण पुढील खेपेस त्याचा उपयोग होतो. परंतु कारण आणि दोष या वस्तू भिन्न आहेत. कारण शरीरात असते. दोषाला हेतू किंवा बेपर्वाई लागते. जिथे यांपैकी काहीच नाही, तिथे दोष ठेवणे ही चौकशी नसून शिक्षा आहे. आणि ती अशा वेळी दिली जाते, की ज्या बाईच्या अंगावर दूध उतरावे म्हणून सारे घर देव पाण्यात घालून बसले आहे, तिचेच मन आपण पिळून काढतो.

दुसरी एक समजूत याहून निरुपद्रवी दिसते, पण तशी नाही. सातव्या महिन्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही, असे आपल्याकडे सांगतात. आठव्या महिन्यात ओज आई आणि गर्भ यांच्यामध्ये अस्थिर असते, असे चरकाने म्हटले आहे. ग्रीक वैद्यांचीही समजूत अशीच होती. वस्तुस्थिती उलट आहे. गर्भाशयात मिळालेला प्रत्येक आठवडा मुलाच्या जगण्याची शक्यता वाढवितो. ही समजूत मानणाऱ्या घरात आठव्या महिन्याच्या मुलाविषयी हात आधीच सैल पडतात. जगणार नाही असे ज्याच्याविषयी ठरवून टाकले, त्याच्यासाठी रात्री उठून गाडी शोधण्याची घाई कोणी करीत नाही. अंधश्रद्धा येथे भाकीत राहत नाही. ती स्वतःच कारण बनते.

आता यापेक्षा कठीण आक्षेप विचारात घेऊ. कोणी म्हणेल, निसर्गाने ज्याला पुरते घडवले नाही, त्याच्यामागे इतके श्रम आणि इतका पैसा का ओतावा? हा आक्षेप नेहमीच निर्दयतेतून येतो असे नाही. गरीब देशात तो व्यवहारबुद्धीतूनही येतो. त्याचे उत्तर देताना ‘निसर्गाची मर्यादा’ नावाची वस्तू किती चंचल आहे, हे आधी पाहावे. ७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना पॅट्रिक नावाचा मुलगा झाला. तो सुमारे साडेपाच आठवडे आधी आला होता. वजन दोन किलोंहून अधिक होते. त्याची फुप्फुसे उघडी राहीनात, आणि तो ३९ तासांनी गेला. जगातील सर्वांत सामर्थ्यवान मानल्या जाणाऱ्या बापाला आपले मूल वाचवता आले नाही. फुप्फुसांच्या आत एक स्निग्ध द्रव्य लागते आणि अशा मुलांत त्याचीच उणीव असते, हे मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ साली दाखवून दिले होते. पण त्यावर उपाय हाती नव्हता. १९७२ साली न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हॉवी यांनी दाखवले, की कळा सुरू झालेल्या आईला वेळीच विशिष्ट इंजेक्शने दिल्यास बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. १९८० साली जपानमध्ये फुजिवारा यांनी ते उणे द्रव्यच बाहेरून देऊन मुले वाचवली. आज पॅट्रिकच्या वजनाचे आणि दिवसांचे मूल जिल्ह्याच्या चांगल्या रुग्णालयातही बहुधा वाचते. म्हणजे १९६३ साली जी निसर्गाची मर्यादा वाटली, ती आपल्या अज्ञानाची मर्यादा होती.

तथापि उत्साहालाही सीमा असावी लागते, हे याच इतिहासाने शिकवले आहे. १९४० नंतर श्रीमंत देशांत अशा मुलांना पेटीत मुक्तहस्ते प्राणवायू देण्यात येऊ लागला. मुले जगली, परंतु सुमारे दहा हजार मुलांची दृष्टी गेली. प्राणवायूचा अतिरेक हेच त्याचे कारण, हे १९५० नंतरच्या काही वर्षांत सिद्ध झाले. ज्यांनी तो दिला त्यांचा हेतू निर्मळ होता. केवळ हेतूच्या निर्मळतेने कृती योग्य ठरत नाही. ती मोजून, पडताळून करावी लागते.

आणि बावीस-तेवीस आठवड्यांचे मूल आले, म्हणजे सीमेचा प्रश्न अधिकच तीव्र होतो. तेथे जगण्याची आशा थोडी, आणि जगल्यास कायमच्या अपंगत्वाची भीती मोठी. अशा वेळी यंत्रांची झुंज किती चालवावी, याला सरसकट नियम नाही. डॉक्टरांनी खरे सांगावे आणि आईबापांनी त्यांच्यासह ठरवावे, हेच रास्त होय. पण येथे आमच्या वाचकांना ठाऊक असलेली एक अडचण आहे. हे सारे परक्या भाषेत सांगितले जाते. बाजारहाटापुरते कन्नड, तमिळ वा बंगाली आपण शिकतो; त्या भाषेत आपल्या मुलाच्या प्राणाचा निर्णय घेण्याइतके शिकत नाही. दोन्ही भाषा जाणणारा एखादा जुना रहिवासी अशा रात्री रुग्णालयात जाऊन शेजारी बसला, तर तो पैशाहून मोठे साहाय्य करतो. ज्या गावी मराठी मंडळ आहे, त्याने गणेशोत्सवाच्या वर्गणीदारांच्या यादीबरोबर अशा दुभाष्यांचीही एक यादी ठेवावी, असे आम्हांस वाटते.

या विवेचनातून एक भेद हाती लागतो. मुलाविषयीची आशा कमी-अधिक असू शकते. त्याचे मोल कमी-अधिक होत नाही. आशा थोडी असेल तर उपाय बदलतील, कदाचित यंत्र काढून मूल आईच्या कुशीत दिले जाईल; पण ते कोणाचे तरी आहे, ही गोष्ट त्याच्या शेवटच्या श्वासापर्यंत खरी राहते. जे मूल दोन दिवसच जगले, त्याचेही ते दोन दिवस कोणीतरी भरावयाचे असतात.

मग भरावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे? गर्भाशय मुलाला प्रामुख्याने तीन गोष्टी देते: ऊब, अन्न आणि अखंड सोबत. या तिन्ही गोष्टींचा इतिहास पाहिला, तर त्या प्रत्येक वेळी परक्यांनी पुढे होऊन दिलेल्या दिसतात.

आधी ऊब. अशा मुलाच्या अंगावर चरबी नसते. ते क्षणात गार पडते. १८८० च्या सुमारास पॅरिसमध्ये तार्निए यांनी, कोंबडीची अंडी उबवण्याची यंत्रे पाहून, मुलांसाठी ऊबदार पेटी करवली. अमेरिकेत कूनी नावाच्या गृहस्थाने १९०३ ते १९४३ या काळात कोनी आयलंडच्या जत्रेत अशी मुले पेट्यांत ठेवून लोकांना दाखवली. पाहणाऱ्यांकडून तो २५ सेंट घेई, आईबापांकडून एक छदामही घेत नसे. जत्रेतील तमाशा म्हणून नाक मुरडावे असा हा प्रकार. पण ज्या मुलांना रुग्णालये घेत नव्हती, ती त्या २५ सेंटांवर जगली. पुढे १९७८ साली कोलंबियाच्या बोगोटा शहरात पेट्याच अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा डॉ. एडगार रे यांनी मूल आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. कांगारूच्या नावाने ती ओळखली जाते. गरिबीतून निघालेली ही युक्ती पुढे श्रीमंतांच्या उपायांहून सरस ठरली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही सहभागी होते. जन्मल्याबरोबर मूल आईच्या, किंवा ती असमर्थ असल्यास दुसऱ्या कोणाच्या, अंगाशी ठेवल्याने मृत्यू चतुर्थांशाने घटले, असे त्यात आढळले. बापाची छातीही चालते, मावशीचीही चालते. शरीराला ऊब देणारे नाते विचारता येत नाही.

दुसरे अन्न. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ मुलाला साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास जमू लागतो; तोवर थेंब थेंब दूध नळीने घालावे लागते. आणि ते दूध पुष्कळदा आईला तितक्या लवकर येत नाही. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. ज्या बायांना पुरून उरते त्या दूध देतात. ते साडेबासष्ट अंश उष्णतेवर अर्धा तास ठेवून निर्जंतुक करतात आणि ज्या मुलाला उणे पडते त्यास पाजतात. देणारीची जात, भाषा, धर्म त्या बाटलीत उरत नाही.

तिसरी सोबत. असे मूल कधी कधी श्वास घ्यावयाचेच विसरते. तळव्याला हलकी टिचकी मारली की पुन्हा घेऊ लागते. म्हणजे त्याचे जगणे कोणाच्यातरी जागे राहण्यावर टांगलेले असते. यासाठी मोठे रुग्णालयच हवे, असा आपला समज होता. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तो खोडून काढला. तेथील ३९ खेड्यांत त्यांनी गावच्याच बायांना शिकवून घरोघर नवजात मुलांकडे लक्ष ठेवण्यास लावले. मूल गुंडाळून ऊबदार पिशवीत ठेवणे, वजन करणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणे, अशी ती साधी कामे होती. तिसऱ्या वर्षी नवजात मुलांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ साप्ताहिकाने प्रसिद्ध केले, आणि २०११ पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्या याच धर्तीवर घरी जाऊन नवजात मुले पाहतात. फार शिकलेले नसणारे हातही दिवस भरू शकतात, एवढे यावरून निश्चित झाले. पैशाचा मघाचा आक्षेपही येथे बराचसा गळून पडतो.

कुवेंपुनगर हे नाव ज्यांच्यावरून पडले, त्या कवी कुवेंपूंचा एक विचार या संदर्भात आठवतो. प्रत्येक मूल जन्मताना विश्वमानव असते. मागाहून आपण त्याला जात, पंथ, प्रांत यांच्या दोऱ्यांनी बांधून लहान करतो, असे ते सांगत. निरोगी, भरल्या दिवसांच्या मुलाच्या बाबतीत हा विचार आपल्याला सुंदर पण दूरचा वाटतो, कारण ते मूल जन्मताच आत्या, मामा, सोयर आणि बारसे यांच्या वर्तुळात पडते. पेटीतल्या मुलाच्या बाबतीत तो अक्षरशः खरा होतो. त्याचे नावही ठेवलेले नसते. कन्नड परिचारिकेचा हात, अनोळखी बाईचे दूध आणि न्यूझीलंडातील मेंढ्यांवर प्रयोग करणाऱ्या वैद्याचे ज्ञान, यांवर ते जगत असते. पुढे मोठे होऊन त्याने ‘आपले’ आणि ‘परके’ अशी वाटणी केली, तर त्याच्या रक्तामांसातच तिचा पुरावा सापडणार नाही.

अखेरीस जे थेट आमच्या वाचकवर्गाच्या अखत्यारीत येते त्याविषयी. केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे पित्याला पंधरा दिवसांची रजा मिळते. भरल्या दिवसांच्या मुलासाठी ती बेताची पुरते. तिसाव्या आठवड्यात आलेले मूल कित्येकदा दीड-दोन महिने रुग्णालयातच असते. म्हणजे मूल घरी येण्याच्या कितीतरी आधी बापाची रजा संपते. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून अशा आईबापांना नेहमीच्या रजेखेरीज बारा आठवड्यांपर्यंत वेगळी रजा मिळू लागली आहे. आपल्याकडे तसा नियम होईल तेव्हा होईल. नियम सर्वांना सारखा असावा, हे कोणी सांगू लागेल आणि ते खरेही आहे. परंतु ज्यांची गरज सारखी नाही त्यांना सारखे मोजणे म्हणजे समता नव्हे. नियमांतही अर्जित रजा आहे, बदली पुढे ढकलण्याची सवड आहे, वरिष्ठाच्या विवेकाला थोडी जागा ठेवलेली आहे. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या मेजावरून असे अर्ज जातात. त्या कागदावर सही करणारा माणूस मुलाचे काही दिवस भरतो वा रिकामे ठेवतो, एवढे त्याने सहीपूर्वी आठवावे.

डॉक्टर अशा मुलाचे वय दोन वर्षांपर्यंत दोन तऱ्हांनी मोजतात: जन्मापासूनचे आणि ज्या दिवशी ते यावयाचे होते त्या दिवसापासूनचे. वाढ तपासताना दुसरेच ग्राह्य धरतात. डोळे आणि कान यांची तपासणी मात्र लवकर करावयाची असते. म्हैसुरात १९६५ सालापासून असलेली वाक् श्रवण संस्था अशा कामासाठीच आहे. शेजारपाजारच्यांनीही हा दुसरा हिशेब शिकून घ्यावा, म्हणजे ‘अजून बसत नाही का?’ हा प्रश्न आईच्या कानी पडणार नाही. त्या हिशेबातून आम्हांस एक रीत सुचते. पेटीतल्या मुलाचे बारसे बाराव्या दिवशी होत नाही. ते मागे पडते आणि कधी राहूनही जाते. ते त्याचे दिवस जेव्हा खरोखर भरायचे होते त्या दिवशी करावे, आणि पाळण्याच्या दोऱ्या धरण्यास आत्यांबरोबर त्या शेजारणीला आणि त्या परिचारिकेलाही बोलवावे. दिवस त्यांनीही भरले आहेत.